पांढऱ्या बंडीतला कावळा

“बीबी, सिंह,” बारकू दबक्या आवाजात म्हणाला आणि त्यानं जीप थांबवली. “डावीकडं. झुडपाखाली.”

मी बघितलं. चांगला आयाळवाला सिंह, जेवण झाल्यावर आमचे मामंजी पडायचे तसा पोट सोडून आडवा झालेला. शेजारी सिंहीण, मला काय त्याचं अशा चेहऱ्यानं बसलेली. आमच्यामागं आणखी गाड्या येऊन लागल्या. गोरी माणसं टपातून अर्धी वर आली आणि कॅमेऱ्यांची टकटक सुरू झाली.

शकूवन्सं मात्र उजवीकडच्या खिडकीतून आभाळात बघत होत्या.

“वन्सं, सिंह आहे.”

“असू दे. त्याला विचार, इथं कावळे कुठं बसतात.”

बारकू त्याच्या मोडक्या हिंदीत आणि इंग्रजीत बोलायचा, मी सरळ मराठीत. आमचं कुठं अडलं नव्हतं. पण कावळा काही त्याला कळेना. मग मी दोन्ही हात पसरून पंख हलवले आणि काव काव करून दाखवलं. सिंहानं उठून बसून माझ्याकडं बघितलं. बरं, उठून नसेल बसला. कान हलवला. कान नक्की हलवला.

“कुंगुरू?” बारकूचे डोळे मोठे झाले. “तुम्हाला कुंगुरू बघायचाय? सिंह सोडून?”

“हो रे बाबा.”

“लोक बिबट्या मागतात. गेंडा मागतात. कुंगुरू मला आजपर्यंत कुणी मागितला नाही.”

“मग आज पहिल्यांदा,” शकूवन्सं म्हणाल्या. “आणि लवकर. दुपार व्हायच्या आत पाहिजे.”

आता तुम्हाला हे सगळं नीट सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्यांना उन्हाचा त्रास झाला होता.

शकूवन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. वजनमापे खात्यात निरीक्षक होत्या, सांगलीपासून जतपर्यंत सगळे दुकानदार त्यांना टरकून. काट्याखाली चिकटवलेला चुंबक त्या दारातूनच ओळखायच्या. रिटायर झाल्या तरी सवय जाईना. मी काहीही सांगायला लागले की त्यांचं ठरलेलं, “किती?” मी म्हणायची, अंगणात हा एवढा साप निघाला. “एवढा म्हणजे किती, वहिनी?” मी दोन्ही हात पसरायची. त्या माझे हात धरून जवळ आणायच्या, जवळ आणायच्या, आणि शेवटी वीतभर उरला की म्हणायच्या, “हां. गांडूळ होतं.”

आणि आमचे हे, भास्करराव, एसटीच्या वर्कशॉपात. रंगानं काळेसावळे, घरात असले की अंगात कायम पांढरी बंडी. पाहुणे आले तरी शर्ट घालायचे नाहीत. या माणसाला जन्मात एकच हौस होती, आफ्रिकेतला हत्ती बघायचा. आपल्याकडचा नाही, तो त्यांनी जत्रेत बघितला होता. सुपाएवढ्या कानांचा, रानातला. आमचा सलील नोकरीला तिकडंच, दार-ए-सलामला गेला, तेव्हा ह्यांनी पहिली कुठली गोष्ट केली असेल तर दुर्बीण विकत आणली. गच्चीवर उभे राहून समोरच्या बिल्डिंगीतल्या कुंड्या बघायचे, सराव म्हणून.

तिकिटं काढायची वेळ आली आणि शकूवन्सं म्हणाल्या, “दादा, गुडघे धड नाहीत तुझे. जिना चढताना तीनदा बसतोस. तिथं रानात जाऊन काय करणार? टीव्हीवर दिसतो की हत्ती. जवळून दिसतो उलट.”

ह्यांनी बहिणीचा शब्द कधी मोडला नव्हता. दुर्बीण खिळ्याला अडकवली आणि पुन्हा विषय काढला नाही. त्याच थंडीत गेले. झोपेतच.

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे होते, नव्हते असं नाही. पिंपळावर ओळीनं बसले होते. एकही खाली येईना. सलीलनं सांगितलं, आईला सांभाळीन. येईना. मी सांगितलं, तुमची जुनी सायकल विकणार नाही. येईना. ऊन डोक्यावर आलं. सगळ्यांनी काही ना काही सांगून बघितलं, फक्त शकूवन्सं गप्प उभ्या होत्या. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो शिववून आम्ही घरी आलो.

त्या दिवसापासून वन्संनी भात सोडला. भात म्हणजे त्यांचा जीव. दोन्ही वेळा वाफेचा भात, वर तूप, बाकी काही नसलं तरी चालायचं. मी विचारलं तर म्हणाल्या, “दादाच्या पानाला कावळा शिवेल त्या दिवशी खाईन. तो रागावून गेलाय, वहिनी. माझ्यावर.” वजनमापेवाली बाई, देवळातसुद्धा दानपेटीचं कुलूप तपासणारी. पण हे तिच्या मनात असं रुतलं, की काही केल्या निघेना. पितृपक्षात गच्चीवर पान ठेवलं. कावळ्यांनी पाठ फिरवली. पुढं वर्षश्राद्धाला तेच. बाई वाळून काडी झाली.

पुढच्या वर्षी सलीलनं आम्हा दोघींना बोलावलं. त्या म्हणाल्या, मी येत नाही. मी पंचांग काढलं. तिकडं पाऊस नसतो, नद्या आटतात आणि सगळी जनावरं पाण्यासाठी एका जागी येतात ते दिवस नेमके भादव्यातले. म्हटलं, “वन्सं, पितृपक्षात ह्यांची पंचमी पडते तेव्हा आपण हत्तींच्यात असू. इथल्या कावळ्यांना तर बघितलंत. तिथल्यांना विचारून बघू.”

त्यांनी पंचांग माझ्या हातातून घेऊन स्वतः तपासलं. मग म्हणाल्या, “केळीचं पान मिळेल का तिथं?”

तर अशा आम्ही दोघी. सलीलला ऐन वेळी रजा मिळाली नाही, म्हणून त्यानं आम्हाला बारकूच्या हवाली केलं. नाव त्याचं एलिबारिकी, पण एवढं कोण म्हणणार. मी पहिल्याच दिवशी बारकू केलं. सहा फुटांच्यावर उंच माणूस, बारकू म्हटलं की खूश व्हायचा. त्यांच्याकडं आजीला बीबी म्हणतात, म्हणून आम्ही दोघी बीबी. टारांगिरे नावाचं जंगल. मातीचा रंग विटेसारखा, गवत वाळून पिवळंधमक, आणि जिकडं तिकडं गोरखचिंचेची झाडं, एकेकाचं खोड आपल्या घराएवढं. वन्सं असत्या तर म्हणाल्या असत्या, घराएवढं नाही, न्हाणीघराएवढं. बरं, न्हाणीघराएवढं. मी निळं लुगडं नेसले होते. तिथल्या एका जातीच्या माश्यांना निळा रंग फार आवडतो, हे मला कुणी आधी सांगितलं नाही. माझ्या अंगावर माश्या आणि वन्सं कोऱ्या करकरीत.

तंबूत उतरल्या उतरल्या बारकूनं नियम सांगितले होते. “आत खाणं ठेवायचं नाही. बाहेर तर मुळीच नाही. संत्र्याची साल टाकली तरी हत्तीला लांबून वास येतो. मग तो तंबू बघत नाही.” हे सांगताना तो माझ्याकडंच रोखून बघत होता. माणसं मला लगेच ओळखतात. वन्संकडं कुणी बघितलं नाही. त्यांचा चेहराच नियम पाळणारा.

आणि पंचमीच्या सकाळी मी तोंड धुऊन येते तर काय, तंबूमागं पहारेकरी ओरडतोय, आचारी पळतोय, आणि मधोमध एक रानडुक्कर. दोन सुळे वर वळलेले, शेपटी अँटेनासारखी ताठ. ते आमचं केळीचं पान खात होतं. पानावरचं आधीच संपलं होतं.

बारकू धावत आला. “बीबी! मी काय सांगितलं होतं?” हे अर्थात मला.

मी वन्संकडं बघितलं. निरीक्षक शकुंतलाबाई, हातात रिकामी वाटी, ओठ घट्ट मिटलेले. पहाटे उठून, आचाऱ्याकडून भात मागून घेऊन, गपचूप पान मांडून आल्या होत्या. आयुष्यात पहिला नियम मोडला आणि पहिल्याच फटक्यात पकडल्या गेल्या.

“चुकलं रे बाबा,” मी म्हटलं. “मला वाटलं डुक्कर उपाशी असेल.”

मॅनेजर येऊन मला पंधरा मिनिटं बोलून गेला. मी मान खाली घालून हसू दाबत होते. तो गेल्यावर वन्सं म्हणाल्या, “तू कशाला आपल्यावर घेतलंस?”

“माझ्या नावावर एवढं आहे, त्यात एक डुक्कर खपून जातं. तुमच्या नावावर डाग नको.”

त्या हसल्या नाहीत. पानाच्या चिंध्या गोळा करत राहिल्या. मला भडभडून आलं. डुकरानंसुद्धा खाल्लं होतं, फक्त कावळा कुठं नव्हता.

म्हणून तो सिंह सोडून कावळ्याचा शोध.

सिंहापासून गाडी निघाल्यावर मी बारकूला सगळं सांगितलं. नवरा, दुर्बीण, घाट, भात, सगळं. हत्तीच्या हौशीला थोडं मीठमसाला लावला, पण थोडाच. तो गाडी हळू करत ऐकत होता.

“आमचे आजोबा,” तो म्हणाला, “घरामागं केळीच्या बुंध्यात दूध सांडायचे. त्यांच्या बाबांच्या नावानं. दूध जमिनीत लगेच मुरलं की म्हणायचे, प्यायला म्हातारा.”

“आणि नाही मुरलं तर?”

“तर आजी त्यांना शिव्या द्यायची. म्हणायची, मेल्यावरसुद्धा याचे रुसवे काढा.”

मी मोठ्यानं हसले. वन्संनी विचारलं काय झालं. मी सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा बारकूकडं नीट बघितलं.

“कुंगुरू रानात कमी,” बारकू म्हणाला. “जिथं माणसं जेवतात तिथं तो. नदीच्या वर एक जागा आहे, बाकडी आहेत, डबे खायला सगळे तिथं थांबतात. तिथं खायची परवानगी आहे, बीबी. नियमात.”

नियमात म्हटल्यावर वन्सं सरळ बसल्या.

वाटेत जिराफ लागले, झेब्र्यांचा कळप लागला, एका वाळक्या झाडावर गिधाडं बसली होती. मी खिडकीतून अर्धी बाहेर. वन्संच्या गळ्यात ह्यांची दुर्बीण होती. सांगलीहून निघतानाच मी ती त्यांच्या गळ्यात घातली होती, माझ्याकडून पडेल म्हणून. काचांवरची झाकणं अजून तशीच. सगळ्या प्रवासात एकदाही काढली नव्हती. कावळा बघायला दुर्बीण लागत नाही, म्हणायच्या.

ती जागा टेकाडावर होती. खाली नदी, म्हणजे नदीची नुसती वाळू, लांबच लांब. वर एका मोठ्या झाडाखाली दगडी बाकडी आणि कठडा. बाकीच्या गाड्या सिंहापाशीच अडकल्या होत्या, त्यामुळे आम्हीच. बारकूनं डबे काढून दिले आणि तो गाडीपाशी चहाचं बघायला गेला.

केळीच्या पानाचा अर्धा तुकडा मी आधीच कापून ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवला होता. वन्संनी बघितलं. “हे कधी केलंस?”

“डुक्कर यायच्या आधी. मला माणसांचा भरवसा आहे, डुकरांचा नाही.”

त्यांनी कठड्यावर पान मांडलं. दहीभात कालवला, त्यावर घरून आणलेले काळे तीळ. मी पिशवीतून दोन वडे काढून ठेवले. पिशवीत वडे कुठून आले विचारू नका, आचारी माझा मित्र झाला होता. वन्सं चार पावलं मागं सरून हात जोडून उभ्या राहिल्या.

पहिलं कोण आलं असेल? माकड. काळ्या तोंडाचं, एवढंसं. वडा उचलला आणि झाडावर. मी छत्री घेऊन कठड्याला पहारा दिला. दुसरं माकड आलं, त्याला छत्री उघडून दाखवली. ते इतकं दचकलं की उलटं पडलं. मग निळीजांभळी चकचकीत पाखरं आली, त्यांना हुसकलं. घामाच्या धारा लागल्या होत्या. नवरा जिवंत असताना त्याच्या पानावरच्या माश्या वारल्या नसतील एवढ्या त्या दिवशी वारल्या.

आणि मग वरच्या फांदीवर काहीतरी धपकन बसलं.

कावळा. आपल्याकडच्यापेक्षा थोराड, काळाकुळकुळीत, आणि गळ्यापासून छातीपर्यंत पांढराशुभ्र. पांढरी बंडी घातल्यासारखा. खोटं नाही. तिकडचा कावळा असाच असतो, सलीलला विचारा, पुस्तकात बघा.

वन्संनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

“वहिनी,” त्या कुजबुजल्या, “बंडी.”

मी छत्री मिटली.

कावळ्यानं मान वाकडी केली. पानाकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं. मग दुसऱ्या फांदीवर गेला. तिथूनही बघितलं. खाली काही येईना. घाटावर तस्संच होतं. बघतायत, आणि येत नाहीत.

“दादा,” वन्सं एकदम मोठ्यानं बोलल्या. त्यांचा आवाज फाटला होता. “मी तुला जाऊ दिलं नाही. माझं चुकलं. तू एकदा रागाव, भांड माझ्याशी, पण हे असं तोंड फिरवून बसू नको रे.”

कावळा जागचा हलला नाही.

वन्सं कठड्यावर बसल्या. रडत नव्हत्या, रडल्या असत्या तर बरं झालं असतं. तोल गेलेल्या तराजूसारख्या एका बाजूला कलून बसल्या होत्या. म्हणाल्या, “चल, वहिनी. नाही यायचा तो.”

आणि मला राग आला. खरंच आला. कावळ्याचा नाही, वन्संचाही नाही. ह्यांचा आला थोडा.

“वन्सं,” मी म्हटलं, “आल्यापासून तुम्ही एक तरी जनावर बघितलंत का?”

“काय?”

“हा माणूस जन्मभर हत्ती हत्ती करत होता. त्याची दुर्बीण तुमच्या गळ्यात. खाली नदीत काय चाललंय ते बघा तरी. तुम्ही सारखी माफी मागताय. त्यांना माफी कधी आवडली? घरात कुणी सॉरी म्हटलं की उठून गच्चीवर जायचे. त्यांना बातमी आवडायची. जाऊन आल्यावर पहिला प्रश्न काय असायचा? ‘काय बघितलंस?’ सांगा त्यांना, काय बघितलंत.”

वन्संनी माझ्याकडं बघितलं. मग दुर्बिणीकडं. एका काचेचं झाकण काढलं, मग दुसरीचं. ती झाकणं पदराच्या टोकाला बांधली, हरवू नयेत म्हणून. दुर्बीण डोळ्यांना लावली आणि नदीकडं वळल्या. पान त्यांच्या पाठीमागं राहिलं.

“धूसर आहे.”

“मधलं चाक फिरवा. ते तसंच करायचे.”

त्यांनी चाक फिरवलं. आणि त्यांच्या तोंडून ‘अगं बाई’ निघालं.

खाली हत्तींचा कळप होता. नुसत्या डोळ्यांनी मला करडे दगड दिसत होते. वन्संना सगळं दिसत होतं.

“दादा,” त्या बोलायला लागल्या, आधी पुटपुटत, “हत्ती आहेत बघ. नऊ... नाही, दहा, एक आईच्या पायात आहे. नदीला पाणी नाही. ती मोठी आहे ना, ती पायानं वाळू उकरतेय. सोंडेनं बाहेर टाकतेय. विहीर खणतेय रे ती! पाणी लागलं. लागलं पाणी!” आवाज चढत चालला होता. “तीन टनांच्या आत नाही ही. पाऊल किती रुतलंय बघ. आणि बाकीचे ढकलाढकली करत नाहीत, दादा. रांगेत उभे आहेत. आपल्या रेशन दुकानात नव्हते एवढे शहाणे. ते पिल्लू, शंभर-सव्वाशे किलो असेल, ते खड्ड्यात तोंड घालतंय. सोंड वापरता येत नाही त्याला अजून. त्याला पहिलं पिऊ देतायत. अरे, ते पडलं! खड्ड्यातच पडलं! मावशीनं ओढून काढलं बघ...”

वन्सं हसत होत्या. दुर्बीण डोळ्यांना घट्ट, गालावरून पाणी ओघळतंय आणि हसतायत. पावणेदोन वर्षांत मी ते हसू ऐकलं नव्हतं.

आणि तेव्हा कावळा खाली आला.

मी जागची हलले नाही. त्यानं कठड्यावर दोन उड्या मारल्या, पानाशी आला, चोचीनं भात उचलला, गिळला, अजून एकदा उचलला. आणि उडून गेला, खाली नदीकडं.

“वन्सं. शिवला.”

त्या गर्रकन वळल्या. पानावरचा भात विस्कटला होता. कावळा नव्हता. मला एकदम कळलं, की हे फक्त मी बघितलंय. बारकू गाडीपाशी, वन्संची पाठ, आणि साक्षीला कोण, तर मी. अख्ख्या घराण्यात जिच्या शब्दाचं वजन मासाभर नाही, ती.

“शिवला?”

“हो.”

“माकड असेल.”

“नाही. तोच.”

वन्सं अगदी जवळ आल्या. दुकानदाराकडं बघायच्या तसं माझ्याकडं बघितलं. “वहिनी, माझ्या समाधानासाठी सांगू नको. काय झालं ते सांग. सगळं.”

माझ्या डोक्यात शंभर गोष्टी येऊन गेल्या. कावळा तुमच्या डोक्यावरून तीनदा फिरला. त्यानं पंखानं तुमच्या पदराला हात लावला. मी सांगितल्या असत्या तर काय सुंदर झालं असतं! पण तोंडातून निघालं ते एवढंच: “तुम्ही हसलात. तो खाली आला. दोनदा भात खाल्ला. नदीकडं गेला.”

“बस?”

“बस.”

वन्संनी मला बराच वेळ तोललं. मग हळूहळू त्यांचे खांदे खाली आले.

“थाप असती तर तू हत्ती आणला असतास,” त्या म्हणाल्या. “तेवढ्यावर तू थांबली नसतीस. खरं आहे हे.”

त्या बाकावर बसल्या, दहीभाताचा डबा ओढून घेतला आणि जेवायला लागल्या. चमचा नाही, काही नाही, हातानं. मी नुसती बघत होते. बारकू चहा घेऊन आला, थबकला, माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. मी मान हलवली. त्यानं आधी आपल्या कपातला थोडा चहा जमिनीवर ओतला. माती तापलेली, चहा क्षणात गडप.

“प्यायला म्हातारा,” तो म्हणाला.

मी त्या दिवशी कुणाकुणाला हात जोडले म्हणून सांगू. कावळ्याला जोडले, बारकूला जोडले, त्या विहीर खणणाऱ्या बाईला, म्हणजे हत्तिणीला, जोडले. रानडुकरालासुद्धा. ते सकाळी खाऊन गेलं नसतं तर आम्ही त्या टेकाडावर गेलोच नसतो. संध्याकाळी परत येताना सिंह तिथंच होता. वन्संनी गाडी थांबवायला लावली आणि दुर्बिणीतून त्याला एवढा वेळ बघितलं, की शेवटी तोच कंटाळून उठून गेला. हे खरं आहे.

घरी आलो. दिवाळीला सगळे जमले, पंगत बसली आणि मी सांगायला लागले. जसं झालं तसं, एक अक्षर जास्त नाही. कावळा येऊन भात खाऊन गेला म्हटल्यावर एक जण हसला, मग दुसरा, मग सगळी पंगत. “काकू, एवढ्या लांब आफ्रिकेत जाऊन कावळा बघून आलात?” “बंडी घातलेला म्हणे! पायजमा नव्हता का?” मी शपथा घ्यायला लागले तसे जास्तच हसले.

शकूवन्सं भात कालवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “कावळा नव्हता.”

सगळ्या माना तिकडं वळल्या.

“हत्ती होता. मागून आला. सोंडेनं पान उचललं, भातासकट गुंडाळी केली आणि तोंडात घातली. मग वहिनीच्या डोक्यावर सोंड ठेवली आणि गेला. तीन टनांच्या आत नाही. ती लाजून कावळा सांगतेय.”

एकाचाही घास हलेना. शकूआत्या थाप मारत नाही, हे पोरासोरांना ठाऊक. तेव्हापासून आपल्या घराण्यात सगळे सांगतात, आजीच्या हातचा दहीभात हत्तीनं खाल्ला. तुम्हीही शाळेत सांगितलंयत.

पानं उचलताना मी वन्संना स्वयंपाकघरात धरलं. “हे काय केलंत? तुम्ही?”

“ते हसत होते,” त्या म्हणाल्या. “माझा दादा आला होता, वहिनी. त्याच्यावर कुणी हसलेलं मला चालायचं नाही. हत्तीवर कुणी हसत नाही.” मग माझ्या हातातली भांडी काढून घेतली. “कावळा आपल्या दोघींपुरता राहू दे.”

मी कबूल झाले. आणि वन्सं होत्या तोवर पाळलं. कुणी विचारलं की हत्ती सांगायची, आणि त्या शेजारी बसून मान डोलवायच्या. कधी कधी हत्तीचं वजन अर्ध्या टनानं वाढवायच्यासुद्धा.

गेल्या साली त्या गेल्या. तुम्ही होतात की घाटावर दहाव्याला. पिंपळावर कावळे बसलेले, खाली येईनात. तुम्ही पोरं आपापसात कुजबुजत होता, आत्याचं काय राहिलं असेल. मी काठी टेकत पुढं गेले आणि पिंडाशी वाकून काहीतरी बोलले, आठवतंय? आणि मी सरळ व्हायच्या आत कावळा येऊन गेला. तुम्ही विचारलंत, आजी काय बोललीस, आणि मी म्हटलं, काही नाही, गुडघा दुखला म्हणून विव्हळले.

मी म्हटलं होतं, “वन्सं, काळजी करू नका. हत्तीच होता.”

आता तुम्ही म्हणाल, मग आज आम्हाला का सांगितलंस, वचन मोडलंस की. अरे, मोडलं कसं? मी थापाडी म्हातारी. माझ्या कावळ्यावर कोण विश्वास ठेवतंय?

हे बघा. हसायला लागलात ना सगळे? झालं तर मग.